बोगोता पायाखाली घालायचं तर

बोगोताच्या पूर्वेला डोंगरांची एक सलग रांग आहे. शहरात कुठेही उभं राहिलं, की दोन इमारतींच्या फटीतून ती दिसतेच, आणि तिथल्या माणसाला रस्ता विचारला तर तोही आधी डोंगर कुठे आहे ते बघतो. कोलंबियाची ही राजधानी अँडीजमधल्या एका सपाट पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण २,६०० मीटर उंचीवर पसरलेली आहे. वस्ती ८० लाखांच्या आसपास. कामानिमित्त दोन वर्षांसाठी येणारे असोत की आठवडाभर फिरायला येणारे, बरेच जण उत्तरेकडच्या दोन-तीन महागड्या वस्त्यांत उतरतात, टॅक्सीने जातात-येतात आणि शहर ढगाळ आणि धोक्याचं आहे एवढंच सांगत परततात. मला हे शहर मनापासून आवडतं. योग्य क्रमाने त्याच्याशी ओळख करून घेतली तर ते कुणालाही आवडेल, अशी माझी खात्री आहे. तो क्रम असा: आधी श्वास, मग पत्ता, मग बस, मग रविवार. बाकी सगळं त्यानंतर.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टधारकाकडे अमेरिकेचा किंवा शेंगेन देशांचा व्हिसा असेल आणि कोलंबियात शिरताना त्याची किमान १८० दिवसांची मुदत शिल्लक असेल, तर छोट्या मुक्कामासाठी कोलंबियाचा वेगळा व्हिसा लागत नाही. ९० दिवसांपर्यंतचा शिक्का विमानतळावरच मिळतो. तसा व्हिसा नसेल तर ऑनलाइन अर्ज करायचा. हे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी कोलंबियाच्या परराष्ट्र मंत्रालयाचं संकेतस्थळ बघाच.

पीतज्वराच्या लशीबद्दल मात्र आळस करू नका. बोगोता इतक्या उंचीवर आहे की हा ताप पसरवणारा डास तिथे टिकत नाही, त्यामुळे ‘शहरातच राहणार असाल तर लस कशाला’ असं कुणीतरी सांगेल. पण पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत कोलंबिया आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत मुंबईला उतरलात आणि हातात लशीचं पिवळं कार्ड नसेल, तर विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि ती फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते. तिथे आयत्या वेळी नंबर लागेलच असं नाही, म्हणून महिनाभर आधीच चौकशी करा. एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं.

बॅग भरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कोलंबियात वीज ११० व्होल्टची आणि प्लग अमेरिकेसारखे चपट्या पिनांचे, त्यामुळे घरचा मिक्सर नेऊन उपयोग नाही. राहायला जाणार असाल तर प्रेशर कुकर मात्र नक्की न्या, किंवा तिथे गेल्या गेल्या घ्या. या उंचीवर पाणी साधारण ९१ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ तासन् तास शिजत राहते आणि तरी दाताखाली येते.

मुंबईहून थेट विमान नाही. युरोपातून किंवा इस्तंबूलमार्गे जावं लागतं. घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे: मुंबईत सकाळचे सात वाजतात तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे साडेआठ. घरी फोन करायची वेळ आधीच ठरवून टाका.

पहिले दोन दिवस काहीच करू नका

हे मी अगदी कळकळीने सांगतो, कारण पाहुणे हेच ऐकत नाहीत. लोणावळ्याच्या चौपट उंचीवर तुम्ही थेट विमानाने उतरलेले असता. जिना चढताना धाप लागणं, डोकं जड होणं, रात्री दोनला टक्क जाग येणं, हे सगळं होतं आणि बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत जातं. या दिवसांत भरपूर पाणी प्या (बोगोताच्या नळाचं पाणी पिण्याजोगं आहे), जेवण हलकं ठेवा, दारू टाळा आणि सपाट रस्त्यावर हळूहळू चाला. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा जुना त्रास असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा. विश्रांती घेऊनही धाप कमी होत नसेल, तर वाट बघत न बसता दवाखाना गाठा.

विषुववृत्त जवळ असल्यामुळे वर्षभर सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. सरासरी तापमान १४ अंशांच्या आसपास, पण एकाच दिवसात उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा भेटतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस जास्त. घरांत हीटर नसतात, म्हणून रात्री आत बसूनही स्वेटर लागतो. सकाळी बाहेर पडताना बनियन, सदरा, स्वेटर, वर पावसाचं जाकीट असे थर चढवायचे आणि दिवसभर काढत-घालत राहायचं. ढगाळ असलं तरी चेहऱ्याला सनस्क्रीन लावा. हवा विरळ असल्याने ऊन कातडी जाळतं.

पत्ता वाचायला शिका

माझ्या मते बोगोता समजण्याचं निम्मं काम इथे होतं. अर्धा तास लागतो, पण त्यानंतर या शहरात तुम्ही सहसा हरवत नाही.

रस्ते दोन प्रकारचे. ‘काये’ पूर्व-पश्चिम जातात, म्हणजे डोंगराकडे किंवा डोंगरापासून दूर. ‘कारेरा’ दक्षिणोत्तर, डोंगराला समांतर. आता डोंगराकडे तोंड करून उभे राहा. डावा हात उत्तर, उजवा दक्षिण. डावीकडे जाल तसे कायेचे आकडे वाढतात. पाठ फिरवून डोंगरापासून दूर निघालात की कारेराचे आकडे वाढतात. कारेरा १ जवळपास डोंगराच्या पायथ्याशी, कारेरा ७ थोडी खाली, कारेरा ३० बरीच पश्चिमेला.

समजा हातात पत्ता आहे: काये ५३ # १३-४०. याचा अर्थ घर त्रेपन्नाव्या कायेवर आहे आणि कारेरा १३ च्या कोपऱ्यापासून साधारण ४० मीटर पश्चिमेला. पत्ता कारेरा ७ # ४५-३० असेल, तर सातव्या कारेरावर, काये ४५ च्या कोपऱ्यापासून ३० मीटर उत्तरेला. सम आकडे रस्त्याच्या एका बाजूला, विषम दुसऱ्या. म्हणजे नुसता पत्ता ऐकून घर कुठल्या कोपऱ्याजवळ, किती पावलांवर आणि रस्त्याच्या कुठल्या अंगाला आहे हे कळतं. फोन खिशातून काढावाच लागत नाही, आणि रस्त्यात फोन न काढणं बोगोतात किती मोलाचं आहे ते पुढे येईलच.

खाचाखोचा आहेत. काये १ च्या दक्षिणेला आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात आणि पुढे ‘सूर’ (म्हणजे दक्षिण) लागतं. काये २६ आणि काये २६ सूर यांच्यात कित्येक किलोमीटरचं अंतर आहे. टॅक्सीवाल्याला सांगताना ‘सूर’ गाळलंत तर भलतीकडेच पोहोचाल. ‘बिस’ म्हणजे दोन आकड्यांच्या मध्ये नंतर घुसवलेला रस्ता. ‘दियागोनाल’ आणि ‘ट्रान्सवर्सल’ म्हणजे जाळीत न बसणारे तिरके रस्ते. ते जास्त असलेल्या भागात थोडा गोंधळ होतोच. मोठ्या रस्त्यांना आकड्याबरोबर नावही असतं: कारेरा १४ म्हणजे आवेनिदा काराकास, काये ७२ म्हणजे आवेनिदा चिले, विमानतळाकडे जाणारी काये २६ म्हणजे आवेनिदा एल दोरादो. आणि कारेरा ७ ला सगळे नुसतं ‘ला सेप्तिमा’, म्हणजे सातवी, म्हणतात.

तिसऱ्या दिवशी हा सराव करा. चापिनेरो किंवा तेउसाकियो या वस्त्यांत कुठल्या तरी तीन कॅफेंचे पत्ते कागदावर लिहून घ्या आणि नकाशा न बघता चालत ते शोधा. तिसरा सापडेपर्यंत पूर्व-पश्चिमेचा विचारही करावा लागणार नाही.

बस, टॅक्सी आणि पैसे

बोगोतात अजून मेट्रो धावत नाही. पहिली मार्गिका खांबांवर उभी राहते आहे आणि तिच्या कामामुळे आवेनिदा काराकासवर जागोजागी वळणं आहेत. शहर चालतं ते २००० सालच्या डिसेंबरात सुरू झालेल्या ‘ट्रान्समिलेनिओ’वर. रस्त्याच्या मधोमध राखीव मार्गिका, बंद स्थानकं, जोडबस. पुण्याने बीआरटीचा जो प्रयोग केला, त्यामागे बोगोताचं उदाहरण होतं. सोबत निळ्या रंगाच्या साध्या बसही आहेत, त्या गल्ल्यांपर्यंत जातात. दोन्हींना एकच ‘तुयावे’ कार्ड चालतं. स्थानकावर किंवा पाटी लावलेल्या दुकानात ते विकत घ्या आणि पैसे भरा. बसमध्ये रोकड चालत नाही. २०२५ मध्ये एका फेरीचे ३,२०० पेसो पडत होते आणि ठरावीक वेळेत दुसरी बस पकडली तर पूर्ण भाडं पुन्हा लागत नव्हतं.

नकाशा बघून पहिल्यांदा डोळे फिरतात. पण युक्ती साधी आहे: बसच्या नंबरातलं अक्षर ती कुठे चालली आहे ते सांगतं. शहराचे विभाग पाडून प्रत्येकाला अक्षर दिलंय. बी म्हणजे उत्तरेचा महामार्ग, एच म्हणजे काराकासचा दक्षिण भाग, के म्हणजे काये २६, जे म्हणजे जुन्या शहरातली आवेनिदा हिमेनेस, एम म्हणजे ला सेप्तिमा. त्यामुळे एकाच मार्गाला जाताना एक आणि येताना दुसरं अक्षर लागतं. के ८६ विमानतळाच्या दिशेने जाते, तीच परतताना एम ८६ होते. आधी आपल्याला कुठल्या अक्षराच्या विभागात जायचंय ते ठरवा, मग त्या अक्षराच्या बस आपल्या स्थानकाच्या कुठल्या दारासमोर थांबतात ते फलकावर बघा. सकाळी सहा ते साडेआठ आणि संध्याकाळी पाच ते साडेसात मुंबई लोकलची आठवण येईल अशी गर्दी असते. पाहुण्याने त्या वेळा टाळाव्यात आणि एरवीही पाठपिशवी पोटाशी धरावी.

टॅक्सी रस्त्यात हात करून थांबवू नका. ॲपवरून किंवा फोन करून मागवा, नंबर ताडून बघा, मगच बसा. रात्री तर हा नियम मोडूच नका. गाडीवाल्यांना नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यानुसार ठरावीक दिवशी गाडी काढता येत नाही. तरीही संध्याकाळी रस्ते तुंबतातच. अशा वेळी पाच किलोमीटरसाठी चालणं किंवा सायकल जवळची.

पैशांचं थोडक्यात. किमती हजारांत असतात आणि बोलताना ‘हजार’ गाळतात; ‘किन्से’ म्हणाले तर पंधरा नव्हे, पंधरा हजार. कार्ड पुढे केलं की ‘आ क्वांतास क्वोतास?’ असं विचारतात, म्हणजे किती हप्त्यांत देणार. ‘ऊना’ म्हणा, एकच. उपाहारगृहाच्या बिलात दहा टक्के बक्षिसी धरू का असंही विचारतात. ती ऐच्छिक आहे, सेवा आवडली तर हो म्हणा. एटीएम मॉलच्या किंवा बँकेच्या आतलंच वापरा.

रविवार: शहर पायी आणि सायकलवर

१९७४ पासून बोगोतात दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन प्रमुख रस्ते मोटारींना बंद होतात. याला ‘सिक्लोविआ’ म्हणतात. शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते सायकली, धावणारे, स्केट्स घातलेली पोरं, आजी-आजोबा आणि कुत्रे यांच्या ताब्यात जातात. जगभरातल्या शहरांनी ही कल्पना उचलली, पण मूळ ठिकाणची गंमत वेगळीच, कारण इथे तो सोहळा नसून आठवड्याची सवय आहे. सायकल भाड्याने मिळते. चालतही जाता येतं.

पहिला रविवार असा घालवा. आठच्या सुमारास काये ७२ जवळ ला सेप्तिमावर या आणि दक्षिणेकडे निघा, डोंगर कायम डाव्या हाताला. काये ३९ च्या आसपास राष्ट्रीय उद्यान लागतं, तिथे थांबून दम घ्या. वाटेत रस्त्याच्या कडेला सायकल दुरुस्त करणारे पंप आणि ट्यूब घेऊन बसलेले असतात. संत्र्याचा रस काढून देणाऱ्या गाड्या असतात, आणि एक गाडी अशी असते की मराठी माणसाचा पाय तिथून निघत नाही: प्लास्टिकच्या ग्लासात उभ्या चिरलेल्या कैरीच्या लांब फोडी, वर मीठ आणि लिंबू पिळलेलं. विकणारी बाई फोड चिरता चिरता ‘अजून मीठ?’ म्हणून विचारते. हो म्हणा.

काये २६ ओलांडताना भिंतींवरची चित्रं दिसतील. २०११ मध्ये भिंतीवर चित्र काढणाऱ्या एका सोळा वर्षांच्या मुलाला पोलिसाने गोळी घातली, त्यावरून शहर पेटून उठलं आणि २०१३ मध्ये महापालिकेने भित्तिचित्रांसाठी रीतसर नियम केले. आज यातली अनेक चित्रं परवानगीने, मोठ्या भिंती घेऊन काढलेली आहेत. डावीकडे वर लाल विटांचे वळणदार उंच मनोरे दिसतात, ते रोहेलिओ साल्मोना या वास्तुरचनाकाराचे ‘तोरेस देल पार्के’. बोगोताला विटेचं शहर म्हणून जी ओळख मिळाली तीत साल्मोनांचा मोठा वाटा. सवड असेल तर त्यांचंच विर्हिलिओ बार्को वाचनालय वेगळा दिवस काढून बघा. वाचायला नाही, तर नुसतं त्याच्या उतारांवरून चालायला.

अकराच्या सुमारास जुन्या शहरात पोहोचाल. सुवर्ण संग्रहालयात रविवारी प्रवेश मोफत असतो. गर्दी नको असेल तर आठवड्यात तिकीट काढून या, सोमवारी मात्र बंद.

ला कांदेलारिया: दिवसाउजेडी, सावकाश

हिमेनेस दे केसादा या स्पॅनिश सेनानीने १५३८ मध्ये वसवलेलं शहर ते हे. उतरत्या गल्ल्या, लाकडी गच्च्या, कौलं. दोन संग्रहालयं आणि एक कोपरा, एवढं केलं तरी दिवस सार्थकी लागतो.

सुवर्ण संग्रहालयात हजारो वस्तू आहेत आणि तासाभरात डोळे सोन्याने थकतात. म्हणून सरळ मुइस्कांच्या, म्हणजे या पठारावरच्या मूळ रहिवाशांच्या, सोन्याच्या तराफ्याकडे जा. १९६९ मध्ये पास्का गावाजवळच्या गुहेत तो सापडला. जेमतेम वीतभर लांबीचा. मध्ये उंच बसलेला राजा, भोवती लहान लहान माणसं, सगळं मेणाचा साचा करून ओतलेलं. ग्वाताविता सरोवरात नवा राजा सोनं अर्पण करायचा त्या विधीचं हे रूप मानलं जातं. ‘एल दोरादो’ची जी दंतकथा ऐकून स्पॅनिश लोक वेडे झाले, तिचं मूळ या विधीत आहे. काचेला नाक लावून माणसांच्या हातांतल्या वस्तू बघा.

बोतेरो संग्रहालय रोज मोफत, मंगळवारी बंद. फेर्नांदो बोतेरो यांनी २००० मध्ये आपली १२३ चित्रं-शिल्पं आणि स्वतःच्या संग्रहातल्या इतर कलावंतांच्या ८५ कलाकृती इथे दिल्या, प्रवेश कायम फुकट राहील या अटीवर. त्यांची गुबगुबीत माणसं बघून हसू येतं, आणि मग एकेकाच्या चेहऱ्यावरचा गंभीरपणा जाणवतो.

कोपरा आहे ला सेप्तिमा आणि आवेनिदा हिमेनेसचा. ९ एप्रिल १९४८ रोजी इथे होर्हे एलिएसेर गाइतान या लोकप्रिय नेत्याचा भररस्त्यात खून झाला. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत शहराचा मधला भाग जळाला, ट्राम जाळल्या गेल्या आणि देशातला हिंसाचार कितीतरी वाढला. भिंतीवर स्मृतिफलक आहेत आणि त्यांच्यासमोरून ऑफिसला जाणारी माणसं चाललेली असतात. कोलंबियाची गोष्ट समजून घ्यायची तर इथून सुरुवात करा. अमली पदार्थांचा तस्कर पाब्लो एस्कोबार याचा विषय मात्र तुम्ही होऊन काढू नका, त्याच्या चित्राचे टी-शर्ट तर मुळीच नकोत. त्याच्या काळात बोगोतात बॉम्ब फुटले आहेत आणि त्यात माणसं गमावलेली कुटुंबं याच शहरात राहतात.

संध्याकाळी पाचनंतर या भागात गल्ल्या रिकाम्या होऊ लागतात. तोवर निघा.

मोन्सेराते डोंगर (३,१५२ मीटर) चौथ्या-पाचव्या दिवसाआधी चढू नका. वर जायला १९२९ पासूनची रेल्वेगाडी आणि १९५५ पासूनची केबल कार आहे. पायऱ्यांची वाट मंगळवारी बंद असते. रविवारी भाविकांची गर्दी, कारण वर देऊळ आहे. शांतता हवी तर आठवड्यात सकाळी लवकर जा. पश्चिमेला सगळं शहर पसरलेलं दिसतं आणि सरळ रेषेत जाणाऱ्या काये ओळखू येतात.

पोटाची सोय

दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान साध्या खानावळींत ‘कोरिएंतासो’ मिळतं: आधी सूप, मग भात, कडधान्य, कोशिंबीर, तळलेलं केळं आणि मांसाचा तुकडा, सोबत ताज्या फळाचा रस. साधारण १५ ते २० हजार पेसो. ऑफिसातली माणसं जिथे रांग लावून बसतात तिथे जा. बोगोताचा स्वतःचा पदार्थ ‘आहिआको’: तीन जातींचे बटाटे, कणीस, कोंबडी आणि ‘ग्वास्कास’ नावाचा पाला. त्यातला पिवळा क्रिओया बटाटा विरघळून रस्सा दाट करतो. वरून साय, केपर्स आणि बाजूला ॲव्होकाडो. थंड, पावसाळी दुपारी याच्याइतकं समाधान देणारं दुसरं काही नाही. संध्याकाळी गरम चॉकलेट मागवा. सोबत चीजचा तुकडा येतो, तो चॉकलेटात बुडवायचा आणि वितळला की चमच्याने खायचा.

शाकाहाऱ्यांनी नीट ऐका. नुसतं ‘सिन कार्ने’ म्हटलं तर कोंबडी येते, कारण तिथे ‘कार्ने’ म्हणजे बहुधा गोमांस. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ असं तिन्ही म्हणा. सूप हाडांच्या पाण्याचं असतं आणि राजम्यात डुकराचं मांस घालायची पद्धत आहे, तेही विचारा. चापिनेरो आणि मध्य भागात निव्वळ शाकाहारी खानावळी आहेत. न्याहारीला आल्मोहाबाना (चीजचा मऊ पाव) आणि आरेपा (मक्याची जाड भाकरी) कुठेही मिळतं.

पालोकेमाओ बाजारात सकाळी लवकर जा. फुलांचा बाजार पहाटेच भरतो आणि उजाडल्यावर ओसरतो. फळांच्या गल्लीत लुलो, ग्रानादिया, ग्वानाबाना, कुरुबा, उचुवा, सगळं एकेक घेऊन चाखा. विकणारे कापून देतात. स्वयंपाक करणार असाल तर हा बाजार म्हणजे सुखच: जुड्यांनी कोथिंबीर, मसूर, छोले, वाटाणे, आणि ‘पानेला’, म्हणजे चक्क आपला गूळ. पानेला आणि चण्याची पुरणपोळी उत्तम होते. तुरीची डाळ आणि कढीपत्ता मात्र सहजी मिळत नाही.

राहायला येणार असाल

दर इमारतीला १ ते ६ मधला एक ‘एस्त्रातो’ असतो. वस्ती आणि घरांच्या दर्जावरून तो ठरतो आणि त्यावर वीज-पाणी-गॅसचे दर अवलंबून असतात. ५ आणि ६ वाले जास्त भरतात, त्यातून १ ते ३ वाल्यांना सवलत मिळते. घर बघताना भाड्याबरोबर एस्त्रातो आणि सोसायटीचा मासिक खर्च विचारायचाच. पाहुणे रोसालेस, चिको, काये ९३ च्या उद्यानाजवळ राहतात. मी म्हणेन चापिनेरो आल्तो, किंता कामाचो नाहीतर तेउसाकियो बघा: जुनी विटांची घरं, झाडं, चालत जाण्याजोगी दुकानं, आणि शहराचा मध्य हाताशी. पण गल्लीगणिक फरक पडतो. घर पक्कं करण्याआधी त्या गल्लीत संध्याकाळी सात वाजता एक चक्कर मारून या.

२००३ च्या ८२० क्रमांकाच्या कायद्यानुसार घरमालकाला निवासी भाड्यासाठी रोख अनामत मागता येत नाही. त्याऐवजी हमीदार किंवा विमा मागतात. परक्या माणसाला हमीदार मिळणं कठीण, म्हणून कंपनीकडून हमीपत्र मिळतं का ते पहिल्याच दिवशी विचारा. वार्षिक भाडेवाढ आदल्या वर्षीच्या महागाईदरापेक्षा जास्त करता येत नाही. तीन महिन्यांहून जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर आल्यापासून १५ दिवसांत स्थलांतर कार्यालयात नोंदणी करून परदेशी नागरिकाचं ओळखपत्र, ‘सेदुला’, काढायचं. त्याच्याविना बँक खातं, आरोग्य विमा, फोनचा करार, सगळं अडतं.

पाण्याचा विषय गंभीर आहे. शहराचं बरंचसं पाणी चिंगासाच्या डोंगराळ पाणथळ पठारावरून येतं. पाऊस रुसला म्हणून एप्रिल २०२४ पासून जवळपास वर्षभर शहराचे नऊ भाग पाडून पाळीपाळीने चोवीस तास पाणी बंद ठेवलं गेलं. इमारतीला साठवणीची टाकी आहे का ते विचारून घ्या.

बोलण्याचं म्हणाल तर लिफ्टमध्ये, दुकानात, बसच्या रांगेत शिरताना ‘बुएनोस दियास’ म्हणायला विसरू नका. बोगोताची माणसं जवळच्यांनाही ‘उस्तेद’ म्हणून मानाने बोलतात. सुरुवातीला ती अबोल वाटतील. चार वेळा त्याच दुकानात कॉफी घेतलीत की पाचव्या वेळी दुकानदार तुमच्या आईची तब्येत विचारेल.

सावधगिरी

धोका खरा आहे आणि तो बहुतेक वेळा फोनचा आहे. रस्त्याच्या कडेला उभं राहून फोन बघू नका. बघायचाच तर दुकानात शिरा. खिडकीजवळच्या टेबलावर ठेवू नका. कुणी हिसकावला तर झटापट न करता सोडून द्या. अनोळखी माणसाने दिलेलं पेय, सिगारेट, कागद काही घेऊ नका. स्कोपोलामिन नावाचं औषध देऊन माणसाला गुंगवून लुटण्याचे प्रकार होतात, विशेषतः बारमध्ये आणि ॲपवर जुळलेल्या भेटींत. सान्ता फे आणि लोस मार्तिरेसचे काही भाग रात्री टाळा. मोन्सेरातेखेरीज पूर्वेच्या डोंगरांवरच्या पायवाटांना एकटे जाऊ नका, स्थानिक गटाबरोबर जा. तातडीचा नंबर १२३.

दुसऱ्या आठवड्यात शहराबाहेर

उत्तरेच्या टोकाला असलेल्या पोर्ताल नोर्ते स्थानकावरून आसपासच्या गावांच्या बस सुटतात. सिपाकिरा इथे मिठाच्या खाणीत, जमिनीखाली १८० मीटरवर, कोरलेलं चर्च आहे. अर्ध्या दिवसात होतं. ग्वाताविताचं सरोवर तराफ्याची कथा ऐकल्यावर बघण्यात खरी मजा. तिथली बस नव्या ग्वाताविता गावात सोडते, सरोवर पुढे काही किलोमीटरवर, तेव्हा उतरतानाच पुढच्या गाडीची विचारपूस करा. वर चढ आहे आणि उंची बोगोताहून जास्त. सरोवर सोमवारी बंद असतं, पण कोलंबियात बऱ्याच सुट्ट्या कायद्यानेच सोमवारी ढकलल्या जातात. सोमवारी सुट्टी आली की ते त्या दिवशी उघडं आणि मंगळवारी बंद, म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री कॅलेंडर बघा.